भुईमायनं कूस बदलली

या, सरका अशा जवळ. मने, तू तिकडे भिंतीशी नको, माझ्या या बाजूला ये. आजची गोष्ट जरा भीतीची आहे. भीती वाटली तर माझा हात धरा, पण मधेच "पुरे" म्हणायचं नाही. भीतीची गोष्ट अर्ध्यावर सोडली ना, की ती डोक्यात फिरत राहते. शेवटापर्यंत ऐकली की मग ती आपली आपण निजते.

तर एक होता डोंगर. राजासुद्धा आहे गोष्टीत, पण तो मागून येतो. आधी डोंगर. इतका उंच, की पावसाळाभर त्याचं डोकं कुणाच्या नजरेला पडायचं नाही. त्याच्या मांडीवर एक गाव होतं, खोपेवाडी. असं नाव का, तर तिथं सगळ्यांची खोपटीच होती. कारवीच्या काठ्या रोवायच्या, त्यांवर शेणमाती लिंपायची, वरून गवत शाकारायचं, की झालं घर. वारा सुटला की घर कुरकुरायचं. पाऊस आला की कुठंतरी गळायचं. तेवढं चालायचंच. लोकांची काही तक्रार नव्हती, बरं का.

मग एकदा काय झालं, राजा शिकारीला आला आणि पावसात अडकला. खोपेवाडीत मुक्कामाला राहिला. लोकांनी आपलं चांगल्यातलं चांगलं खोपट झाडून दिलं. पण गळायचं ते गळलंच. टप टप, टप टप, नेमकं राजाच्या मानेवर. सकाळी राजा बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. लोक घाबरले. आता हा काय शिक्षा करतो?

राजा म्हणाला, "माझी माणसं अशी राहतात आणि मी महालात झोपतो. मला लाज वाटते."

मनाचा चांगला होता हो तो राजा. त्यानं हुकूम केला की खोपेवाडीत प्रत्येकाला दगडाचं घर मिळालं पाहिजे. खर्च सगळा राजाचा. गावातच एक पाथरवट होता, सटवाजी नावाचा. त्याच्या हाताला अशी किमया होती की दगड त्याचं ऐकायचा. राजानं त्यालाच काम सांगितलं. मग सटवाजीनं दगड काढले, घडवले, रचले. दोन-दोन हात रुंद भिंती घातल्या. वर जाड वासे, वाशांवर दगडी फरशा, फरशांवर मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार, हिवाळ्यात ऊबदार. पाऊस कितीही कोसळला तरी थेंब आत नाही. खोपटी गेली, गावाचं नाव तेवढं खोपेवाडी राहिलं.

सटवाजीची बायको होती बयजा. ही गोष्ट तिचीच आहे. सटवाजीनं पहिलं घर बांधलं ते आपलं. दुपारी काम आटोपलं की बयजा त्या भिंतीला गाल लावून उभी राहायची. दगड गारगार लागायचा. तिला वाटायचं, माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी डोंगरच घरी आणला. तिची एक मुलगी होती, ठकू, नुकती दुडदुडायला लागलेली. आणि सासू होती तुळसाबाई. सासू कडक होती, पण नातीपुढं तिचं काही चालायचं नाही.

असे दिवस बरे चालले होते.

मग एका सकाळी बयजा दळायला बसली. जातं घरघर फिरत होतं. ठकू मांडीवर डोकं ठेवून पडली होती. दळता दळता पायलीतले दाणे संपले, म्हणून बयजानं हात थांबवला.

हात थांबला, पण घरघर थांबली नाही.

बयजानं जात्याकडे पाहिलं. जातं गप्प होतं. खुंटा गप्प होता. आणि घरघर चालूच. ती खालून येत होती, जमिनीतून, तिच्या मांड्यांतून, पाठीच्या मणक्यांतून वर चढत होती. लाकडी पुलावरून भरलेली बैलगाडी जावी तशी. कोपऱ्यातल्या हंड्यातल्या पाण्यावर गोल गोल वर्तुळं उठली. फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या. मग सगळं थांबलं. बाहेर एक पाखरू बोलेना. कुत्रं भुंकेना. अशी शांतता, की बयजाला आपल्याच छातीतली धडधड ऐकू आली.

ठकू उठून बसली आणि म्हणाली, "आई, खाली कोण आहे?"

मने, घट्ट धर हात. अजून तर काहीच झालं नाही.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कुणी म्हणालं, वर कड्यावरून धोंडा गडगडला असेल. कुणी म्हणालं, देवीचं काहीतरी राहिलं. मग डोंगराला नारळ वाढवला, गुळभाताचा नैवेद्य दाखवला, आणि जो तो कामाला लागला. बयजानं घरात येऊन पाहिलं तर पाळण्यामागच्या भिंतीत केसाएवढी बारीक रेघ पडली होती. आदल्या दिवशी नव्हती. तिनं बोट फिरवलं. रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती.

सटवाजीनं पाहिलं आणि चुना भरून टाकला. म्हणाला, "दगड जुळून बसताहेत. नवं घर असं करतंच."

चुना वाळला. रेघ झाकली गेली. पण बयजानं पाळणा तिथून काढला.

त्यानंतर तिनं भिंतीला गाल लावला नाही. लावावासा वाटायचा, पण कान भिंतीशी गेला की तिला वाटायचं, आता घरघर ऐकू येईल. रांजणात पाणी ओतलं तरी दचकायची. गाडी रस्त्यानं गेली तरी ठकूला उचलायची. सासू म्हणायची, "काय गं सारखी वर बघतेस? आढ्याला काय सोनं टांगलंय?"  खरं सांगायचं तर बयजा आढ्याकडे बघत नव्हती. आढ्यावरच्या दगडांकडे बघत होती. किती असतील, केवढे असतील, ते आपल्या ठकूच्या बरोबर वर आहेत, एवढंच तिला दिसायचं.

मग दुसऱ्यांदा झालं. भर दुपारी.

आधी गुरांना कळलं. गोठ्यातल्या गाई दावी तोडायला लागल्या. कोंबड्या उडून झाडावर बसल्या. बायका झऱ्यावर पाणी भरत होत्या, त्या बघतात तर पाणी गढूळ झालं, मग तांबडं झालं, मग हाताला कोमट लागलं. आणि एकाएकी झरा आटला. कुणी घोट गिळावा तसं डोंगरानं पाणी आत ओढून घेतलं. बायका घागरी टाकून पळाल्या. पळता पळता पायाखालची वाटच सरकली. दोघीतिघी पडल्या. बयजा पडली ती गुडघ्यांवर, आणि तशीच रांगत घराकडे निघाली, कारण ठकू घरी होती.

घर उभं होतं. ठकू अंगणात उभी होती, तोंडात बोट घालून. रडत नव्हती. पडवीकडे बघत होती.

पडवीत त्यांचं वासरू बांधलेलं असायचं. पांढरं होतं, कपाळावर ठिपका. ठकू त्याच्याशी बोलायची. पडवीच्या छतातली एक फरशी निसटून खाली आली होती. फरशीखालून नुसती शेपटी दिसत होती.

एवढंच सांगते. पुढचं तुम्हाला कळलं.

त्या दिवसापासून बयजानं ठकूला घरात निजवलं नाही. अंगणापलीकडे जांभळीखाली घोंगडी टाकून मायलेकी तिथं निजायला लागल्या. गावात कुजबूज झाली. सासू म्हणाली, "लोक काय म्हणतील? पाथरवटाच्या बायकोला पाथरवटाच्या घराची भीती."

 मग एकदा सटवाजी भाकरी खाता खाता म्हणाला, "बयजे, या हातांनी रचलंय मी ते. या हातांचा विश्वास नाही तुला?"

बयजा म्हणाली, "तुमच्या हातांची भीती नाही हो मला. हात थरथरले तर मी धरीन. ती भुई थरथरते, तिला कोण धरणार?"

सटवाजीनं भाकरी तशीच ठेवली आणि उठून गेला.

आता झरा आटला म्हटल्यावर पाणी तर हवं. बयजाच्या मनात आलं, पाणी गेलं कुठं ते बघू. ठकूला सासूपाशी सोपवलं, आणि अंगणातच बसा, असं हात जोडून सांगितलं. मग ती कोरड्या झऱ्याच्या कडेकडेनं वर चढत गेली. वर गेली तर कड्यात एक फट पडलेली. नवीच. कडा सुरीनं चिरावा तशी. फटीतून वाफ येत होती, कोमट, ओल्या मातीच्या वासाची. येत होती आणि थांबत होती. येत होती आणि थांबत होती.

श्वासासारखी.

 बयजाला पळून जावं असं वाटलं. पण तिला शेपटी आठवली, पांढरी. आणि ती आडवी होऊन फटीत शिरली.

आत अंधार. थोडं पुढं गेल्यावर कुठूनतरी मंद उजेड. पुढं मोठी पोकळी, आणि पोकळीत एक प्रचंड खडक आडवा. बयजा खडकाला धरून पुढं सरकायला लागली. खडक ऊन होता. मग तिच्या हाताखालचा खडक हलला, आणि तिला कळलं की आपण कुणाचातरी खांदा धरलाय.

ती भुईमाय होती. एका कुशीवर निजलेली, हात उशाला घेऊन. तिचा चेहरा खळ्याएवढा. डोळे मिटलेले. केसांतून झाडांची मुळं उतरली होती. ती बोलली तेव्हा आवाज कानाला ऐकू आला नाही. तळपायांतून वर आला.

"कोण गं?"

"मी बयजा. वर गाव आहे, खोपेवाडी. तिथली."

"गाव," भुईमाय म्हणाली. "असेल. मला काही लागत नाही तुमचं. मुंगीचं वारूळ तरी लागतं का कुणाला?"

 तरी बयजानं विचारलं, "माय, आमचं काय चुकलं? कशाचा राग आला तुला?"

"राग कशाचा? झोपलेल्याला राग येतो होय? एका कुशीवर किती काळ पडून आहे मी. अंग आखडलं. दोनदा नुसती बोटं ताणली."

दोनदा नुसती बोटं.  बयजा म्हणाली, "मग माय, अशीच पडून राहा ना. वळू नकोस."

भुईमायच्या ओठांच्या कडा हलल्या. वरून खडे गळाले. "तू राहशील न वळता? जितकी मी थांबेन, तितकं अंग आखडेल. आणि जितकं आखडेल, तितक्या जोरानं वळेन. ते माझ्या हातात नाही, पोरी."

"मग दिवस तरी सांग. आम्ही त्या दिवशी दूर जाऊन बसू."

"तू झोपेत कूस कधी बदलतेस, तुला आधी ठाऊक असतं?"

  बयजाला रडूच आलं. म्हणाली, "माझी लहान पोर आहे गं. तू थांबणार नाहीस, दिवस सांगणार नाहीस. मग मी करू काय?"

 भुईमायचा श्वास तेवढा येत होता आणि जात होता. बयजाला वाटलं, झोपली. मग आवाज आला, आता अगदी हलका.

"पोरीला निजवतेस तेव्हा अंगावर काय घालतेस?"

"गोधडी."

"ती तोंडावर पडली तर मरते का पोर?"

"नाही."

"मग डोक्यावर जे घ्यायचं ते तसंच असू दे."

एवढं बोलली आणि तिच्या पापण्या थरथरल्या. डोळे उघडले नाहीत, नुसत्या थरथरल्या. पण सगळी पोकळी हलली. बयजा मागे न बघता फटीतून बाहेर पडली ती धावत सुटली.

गावात येऊन तिनं सगळं सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी हसलं. भिवबा नावाचा एक म्हातारा होता, खोकल्यानं बेजार. तो म्हणाला, "सूनबाई, उभा जन्म गळक्या खोपटात काढला. म्हातारपणी कोरडं छप्पर मिळालं. आता मरेन ते कोरड्यातच." लोक हसले. बयजाला वाईट वाटलं, कारण त्याचं खोटं नव्हतं.

सटवाजी हसला नाही. सकाळी शिडी लावून तो आपल्याच घराच्या छतावर चढला. कडेची माती उकरली. फरशी सरकवली. वासे भिंतीत जिथं रुतवले होते तिथं हात घातला. बयजा खाली उभी. तिला त्याची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ एकदम ताठ झाली.

खाली आला तेव्हा त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं होतं. पायरीवर बसला. म्हणाला, "वासे भिंतीतून बाहेर ओढले गेलेत. टोकं नुसती टेकलीत. बोटभर. आणि वर ते सगळं ओझं." मग आपल्या हातांकडे बघत राहिला. बयजा त्याच्याजवळ बसली. तिनं त्याचा हात हातात घेतला. तो थरथरत होता.

"मी बांधलं," सटवाजी म्हणाला. "मीच उतरवतो."

आणि तो उतरवायला लागला. फरशा एकेक करून खाली घेतल्या. भिंती कमरेएवढ्या ठेवून वरचे दगड काढले. वर कारवीच्या काठ्यांचे हलके कूड उभे केले आणि गवत शाकारलं. सासू तोंड फिरवून बसली. म्हणाली, "दगडाचं घर मोडून गवताखाली बसवतोस आईला." पण बसली.

गाव बघत होतं. ही बातमी राजाच्या कानावर गेली. राजाला फार लागलं. आपण मनापासून दिलेलं घर कुणी मोडतंय, आणि तेही आपणच निवडलेला पाथरवट. त्यात कारभाऱ्यांनी सांगितलं, "महाराज, एकानं मोडलं की सगळे मोडतील. मग डोंगर सोडून जातील. गाव ओस पडेल." राजा घोड्यावर बसला आणि खोपेवाडीला आला.

सकाळची उन्हं नुकती अंगणात उतरली होती. गावाची चावडी होती, तीही सटवाजीनंच बांधलेली, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत भारी. राजा चावडीत गादीवर बसला. शिपाई, कारभारी आत बसले. गाव सगळं बाहेर पटांगणात जमलं. राजा आलाय म्हटल्यावर घरात कोण थांबतं? भिवबा तेवढा खोकत घरी राहिला. आणि तुळसाबाई रुसून घरी राहिली, ठकूला घेऊन.

राजानं सटवाजीला विचारलं, तर त्याची मान खाली. एवढंच म्हणाला, "बायकोनं सांगितलं, आणि मी हात घालून पाहिलं."

"तिला आत बोलवा," राजा म्हणाला.

बयजा चावडीच्या दारापर्यंत आली. उंबऱ्याशी थांबली. आत बघितलं. राजा होता, तलवारी होत्या. पण तिची नजर वर गेली. वर काळे वासे, वाशांवर फरशा, आणि तिला वाटलं की त्या सगळ्या आपल्याकडेच बघताहेत.

"आत ये," राजा म्हणाला.

बयजा उभीच.

"ऐकू येत नाही?"

 मग बयजा हळूच म्हणाली, "महाराज, मी आत येणार नाही."

 राजाला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. "राजाला दारात उभं राहून उत्तर देतेस? शिक्षेची भीती नाही?"

"आहे," बयजा म्हणाली. "पाय कापताहेत बघा माझे. पण मला या छताची तुमच्याहून जास्त भीती वाटते. तुम्ही माणूस आहात. रडले तर थांबाल. ते थांबणार नाही."

राजाचं तोंड लालबुंद झालं. तो गादीवरून उठला. आता राजा उठला की कुणी बसायचं नसतं, म्हणून कारभारी उठले, शिपाई उठले. राजा तरातरा दाराकडे आला, उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरला, आणि बयजापुढं उभा राहिला. त्याच्यामागून सगळे बाहेर पटांगणात आले. राजानं बोलायला तोंड उघडलं.

आणि भुईमायनं कूस बदलली.

आधी तो आवाज आला. जात्याचा नव्हे, गाडीचा नव्हे. सगळ्या डोंगरानं एकदम दात खाल्ल्यासारखा. मग जमीन लाटेसारखी उठली. उभी माणसं गवतासारखी आडवी झाली. राजाही पालथा पडला. बयजा पडली तिथून तिनं पाहिलं, चावडीची भिंत आधी पोटासारखी फुगली, मग मधून फाटली, आणि वरचं सगळं छत, वाशांसकट, फरशांसकट, एकदम खाली बसलं. जिथं गादी होती तिथं. धुळीचा लोट आला आणि दिवस काळा झाला. त्या काळोखात एकामागून एक घरं पडत होती. दिसत नव्हती. ऐकू येत होती.

किती वेळ हललं? कुणी म्हणतं भात कालवायला लागतो तेवढा वेळ. बयजाला तो जन्मभराएवढा वाटला.

मग थांबलं.

बयजा उठली आणि एकच नाव घेत पळाली. ठकू. धुळीत वाट दिसेना. दगडांवरून पडत, उठत ती घराशी आली. सटवाजी तिच्याआधी पोचला होता. घराच्या एका बाजूचे कूड आडवे झाले होते आणि गवताचं छप्पर सगळंच्या सगळं खाली आलं होतं. अंगणात बसा असं बजावलं होतं, पण उन्हं आली म्हणून तुळसाबाई नातीला घेऊन आत गेली होती. दोघंही हातांनी गवत उपसायला लागली. बयजा हाक मारत होती. उत्तर येत नव्हतं. ती उपसत होती, हाक मारत होती, आणि उत्तर येत नव्हतं.

मग गवताखालून कुणीतरी शिंकलं.

तुळसाबाई पालथी होती, आणि तिच्या पोटाखाली ठकू. सासूच्या पायावर भिंतीतला एक दगड आला होता, पाय मोडला होता. पण जिवंत होती. ठकूच्या केसांत गवत, नाकात गवत, कपाळावर एक ओरखडा. तिनं आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी उठेच ना."

तुळसाबाई म्हणाली, "उठू कशी? तुला झाकायला कुणीतरी हवं होतं ना." मग सुनेकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "हलकं होतं हो छप्पर." आणि मग सासू आणि सून दोघी गळ्यात गळा घालून जे रडल्या, ते काही विचारू नका.

हं, घ्या श्वास. सोडा.

सगळे वाचले का? नाही रे बाळांनो. भिवबा गेला. त्याच्या कोरड्या घराखाली सापडला. खोटं कशाला सांगू? कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं, गोठ्यात गुरं गेली. पण गाव पटांगणात होतं म्हणून वाचलं. राजा रागावून बाहेर आला म्हणून वाचला. घरांत असते तर सांगायला कुणी उरलं नसतं.

राजा पडलेल्या चावडीसमोर बसला होता. अंगावर धूळ, डोक्यावरचा मंदिल कुठंतरी पडलेला. गावकरी भिवबाला घेऊन आले तेव्हा राजानं स्वतः खांदा दिला. परत आल्यावर बयजाला म्हणाला, "मी चांगलंच करायला गेलो होतो."

"हो, महाराज," बयजा म्हणाली.  

त्यानंतरही भुई पुष्कळ दिवस थरथरत होती. जराशी, मग पुन्हा जराशी. झोपलेलं माणूस वळल्यावर पांघरूण नीट करत राहतं ना, तशी. प्रत्येक वेळी लोक ओरडत बाहेर यायचे. राजा तिथंच झोपडीत राहिला. त्यानं सटवाजीला पुन्हा बोलावलं. सटवाजी म्हणाला, "महाराज, आता दगडाला हात लावायची भीती वाटते." राजा म्हणाला, "मलाही हुकूम करायची वाटते. पण पाऊस येईल, लोकांना घरं हवीत. दोघं मिळून भीत भीत करू."

मग त्यांनी भीत भीत घरं केली. दगड फक्त जोत्याला. वर सागाचे खांब, खांबांना खांब आडव्या लाकडांनी बांधलेले, सगळं एकात एक गुंफलेलं, टोपलीसारखं. भिंती कारवीच्या, वर गवत, आणि गळू नये म्हणून गवताचा थर चांगला दाट. घरापुढं मोकळं अंगण, आणि अंगणाकडे जाणाऱ्या वाटेत काही ठेवायचं नाही. ठकूसारख्या पोरांनाही शिकवलं की भुई घरघरली तर काय करायचं आणि कुठं जायचं. राजानं डोंगरातल्या बाकीच्या गावांतूनही असंच करायला सांगितलं. काहींनी लगेच केलं. काहींनी उशिरा केलं. काही नाही म्हणाले, आणि बयजा पायी चालत त्यांच्याकडे गेली, पुन्हा पुन्हा गेली, ठकूला कडेवर घेऊन.

कड्यातली फट मिटली होती. बयजानं जाऊन पाहिलं. तिथं नुसता खडक होता, गार. झरा मात्र गावाच्या खालच्या अंगाला नव्यानं फुटला, पहिल्याहून मोठा. भुईमाय आता दुसऱ्या कुशीवर निजली आहे. पुन्हा कधी वळेल? तिला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. बयजालाही ठाऊक नव्हतं. म्हणून बयजाची भीती कधी पुरती गेली नाही. पण ती भीती घेऊन तिनं दळण दळलं, ठकूचं लग्न केलं, नातवंडं खेळवली. सासूचा पाय थोडा वाकडा राहिला, तरी तीही काठी टेकत पणतूचं बारसं बघून गेली. सटवाजी म्हातारा झाला. राजा दरवर्षी भिवबा गेला त्या दिवशी यायचा आणि गवताखाली निजून जायचा. गावात भात पिकला, दूध झालं, पोरं झाली, आणि सगळी माणसं आपापल्या माणसांत सुखानं राहिली.

अशी ही बयजाची गोष्ट, भ्यायली आणि तरली. आता मिटा डोळे. मने, सोड माझा हात. बरं, नको सोडूस. मी आहे इथंच. नीज.